घरचं धुणं आणि खालची नदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या मोरीतून गेलेलं धुण्याचं पाणी, शुद्ध होऊन किंवा न होता, मुळा-मुठेत जातं. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. आळंदीकडून येणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते. भीमा उजनी धरणात साठते आणि पुढे पंढरपुरात तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. हा नकाशा एकदा नीट पाहिल्यापासून मला पावडरच्या डब्यातला चमचा तसाच भरून टाकता येत नाही. सोसायटीत, नातेवाइकांत, ऑफिसात या विषयावर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मला हीच नदी ओळखीची आहे.

आमच्या एका घरच्या धुण्यानं असा काय फरक पडणार?

शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं २० लिटर कपडे धुण्यासाठी, असा भारतीय मानकातला हिशेब आहे. चार माणसांच्या घराचे दिवसाचे ८० लिटर आणि वर्षाचे २९,२०० लिटर होतात. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पावडरचंही तसंच. रोज एक चमचा जास्त पडत असेल आणि तो ३० ग्रॅमचा असेल, तर वर्षाला जवळपास ११ किलो पावडर कपड्यांच्या काहीही उपयोगी न पडता थेट गटारात जाते. तिचे पैसेही आपणच दिलेले असतात.

पण धुण्याच्या पाण्यात नदीला बाधणारं असतं तरी काय?

तीन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली फॉस्फेट. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून ठेवायला, म्हणजे पाणी मऊ करायला, काही पावडरींत फॉस्फेट घालतात. फॉस्फेट हे खत आहे. शेतात घातलं तर पीक वाढतं, साचलेल्या पाण्यात गेलं तर शेवाळ आणि जलपर्णी वाढते. उन्हाळ्यात नदीवर हिरवा गालिचा पसरलेला दिसतो तो या आयत्या खतावर पोसलेला असतो. जलपर्णीखाली ऊन पोहोचत नाही. ती आणि शेवाळ मरून कुजायला लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. हा सगळा दोष डिटर्जंटचा नाही. मैल्यातून आणि शेतातल्या खतांतूनही फॉस्फरस येतोच. पण आपल्या हातातला वाटा मोरीतला आहे. साध्या पद्धतीचं मैलाशुद्धीकरण केंद्र सेंद्रिय घाण बऱ्यापैकी काढतं, फॉस्फरस मात्र त्यातून बराचसा तसाच पुढे जातो. म्हणून ‘शुद्धीकरण केंद्र आहे ना’ असं म्हणून सुटता येत नाही.

दुसरी गोष्ट मळ सोडवणारा आणि फेस करणारा घटक. १९५०-६०च्या दशकांत जगभर वापरात असलेले असे घटक निसर्गात लवकर कुजत नसत, आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर साचत. नंतर लवकर कुजणारे घटक आले. पण त्यांनाही कुजायला प्राणवायू लागतो, आणि नदीत नेमका तोच कमी असेल तर फेस लांबपर्यंत टिकतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यात कारखान्यांचं सांडपाणी आहे, तसंच घराघरांतलंही आहे.

तिसरी गोष्ट क्षार. सोडा, मीठ आणि पावडरीचं वजन वाढवणारी भर. यांचा नदीपेक्षा जमिनीला त्रास जास्त, त्याबद्दल पुढे झाडांच्या प्रश्नात लिहिलं आहे.

मग फॉस्फेटवर बंदी का नाही?

युरोपीय संघानं २०१३ सालच्या जूनअखेरीपासून घरगुती कपडे धुण्याच्या डिटर्जंटमधल्या फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली. तिकडचे लोक काही मळके कपडे घालून फिरू लागले नाहीत. दिल्लीत यमुनेवरच्या फेसामुळे २०२१ मध्ये भारतीय मानकांत न बसणाऱ्या साबण-डिटर्जंटच्या विक्रीवर आणि साठ्यावर बंदी आली. आपल्या नद्यांसाठीही असा नियम हवा असं माझं ठाम मत आहे. तोवर दुकानात पुडा उलटून वाचणं आपल्या हाती आहे. ‘फॉस्फेटविरहित’ असं स्पष्ट छापलेलं असेल तर तो घ्या.

सासूबाई म्हणतात, फेस आला नाही तर मळ निघत नाही. खरं आहे का?

त्यांच्या पिढीसाठी ते खरंच होतं. तेव्हा धुणं साबणाच्या वडीनं व्हायचं आणि साबणाचं गणित असं असतं की पाणी जड असेल तर तो आधी पाण्यातल्या क्षारांशी चिकटून साका बनतो. सगळे क्षार संपल्यावरच फेस येतो. फेस दिसला म्हणजे साबण मळ काढायला मोकळा झाला. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणायचे, म्हणजे त्या शब्दातच फेस होता.

डिटर्जंटला हा नियम लागू नाही. मळ सुटतो तो डिटर्जंटमधल्या मळ सोडवणाऱ्या घटकाच्या रेणूंमुळे, फेसामुळे नाही. मशीनमध्ये तर जास्त फेस उलट नडतो. कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, पाणी बाहेर पडताना फेस मागे राहतो, आणि काही नव्या फ्रंट लोड मशीन फेस ओळखून आपणहून एक जादा खळबळणी घेतात. म्हणजे जास्त पावडर टाकली की जास्त पाणीही जातं. काळे कपडे वाळल्यावर पांढरट डाग दिसतात, टॉवेल कडक होतात, अंगाला खाज येते. ही सगळी न निघालेल्या पावडरची लक्षणं आहेत. लोक मात्र ती पाहून आणखी एक चमचा वाढवतात.

घरात वाद घालू नका. एका आठवड्यात पावडर निम्मी करा, कुणाला सांगू नका, आणि कपडे बघा.

मग पावडर घालायची किती?

आधी पाणी कसं आहे ते पाहा. पारदर्शक बाटलीत निम्मं पाणी घ्या, त्यात साध्या अंगाच्या साबणाचे दोन-तीन कीस टाका आणि जोरात हलवा. वर घट्ट फेस राहिला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ दिसलं तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी दुधाळ, वर साका, तर पाणी जड. साधारणपणे धरणाचं नळाचं पाणी मऊ असतं, बोअरचं जड. अनेक सोसायट्यांत दोन्ही पाणी एकाच टाकीत येतं आणि उन्हाळ्यात बोअरचा वाटा वाढतो, म्हणून ही चाचणी वर्षातून दोनदा करा.

मऊ पाण्याला पुड्यावर लिहिलेल्या मापाच्या निम्म्यापासून सुरुवात करा आणि कपडे नीट निघत नसतील तरच थोडं थोडं वाढवा. जड पाण्याला पूर्ण माप लागू शकतं. तिथे पावडर वाढवण्यापेक्षा चमचाभर धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवून घेतलेला बरा, तो जडपणा मोडतो. शक्य असेल तर धुण्यासाठी नळाचं पाणी आणि बाकी कामांना बोअरचं, अशी वाटणी करा.

कॉलर आणि बाह्यांसाठी अख्ख्या बादलीची पावडर वाढवू नका. तिथे वडीचा हात फिरवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. कपडे भिजत घालायला अर्धा ते एक तास पुष्कळ झाला. रात्रभर भिजवलेल्या कपड्यांना पावसाळ्यात वास येतो आणि ते पुन्हा धुवावे लागतात.

‘थंड पाण्यात धुवा’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. आपणही तेच करायचं?

आपण बहुतेक जण ते आधीपासून करतोच. हा सल्ला थंड देशांतला. तिथे मशीन पाणी तापवून धुते आणि विजेचा मोठा वाटा त्या तापवण्यातच जातो. आपल्याकडे साध्या टॉप लोड मशीनमध्ये हीटर नसतो आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. म्हणून तिकडच्या याद्या जशाच्या तशा उचलण्यात अर्थ नाही. आपले मुख्य मुद्दे दोन : पावडर किती आणि खळबळायला पाणी किती.

फ्रंट लोड मशीन असेल तर मात्र तिचं ठरावीक तापमान तपासा. अनेकदा ती ४० अंशांवर लावलेली असते आणि घरात कुणाला माहीतही नसतं. हिशेब सोपा आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते, आणि आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. हल्लीच्या डिटर्जंटमधली विकरं, म्हणजे डाग तोडणारी एन्झाइम्स, ३० अंशांच्या आसपासही चांगलं काम करतात. गरम पाणी राखून ठेवा ते घरात आजारी माणूस असताना, तान्ह्या बाळाच्या दुपट्यांना, आणि धुळीच्या ॲलर्जीवाल्यांच्या चादरींना.

हातानं धुतलेलं बरं की मशीन?

कसं धुता त्यावर आहे. नळ सोडून त्याखाली एकेक कपडा धरून खळबळणं हा सर्वांत उधळा प्रकार, त्यापुढे कुठलीही मशीन बरी. तीन बादल्या भरून क्रमानं खळबळणं खूप काटकसरीचं. दर वेळी कपडा घट्ट पिळून पुढच्या बादलीत टाकला तर तिसऱ्या बादलीतलं पाणी जवळजवळ स्वच्छच राहतं.

मशीनमध्ये फ्रंट लोडला साधारण ४० ते ६० लिटर लागतात, पूर्ण स्वयंचलित टॉप लोडला शंभरच्या वर. आमच्या जुन्या टॉप लोडचा पाइप मी एका रविवारी बादलीत सोडून मोजलं. वीस लिटरच्या सहा बादल्या भरल्या. त्या दिवसापासून अर्ध्या भरलेल्या मशीनचं बटण आमच्या घरात कुणी दाबलेलं नाही.

पण माझ्या मनात सर्वांत आदर आहे तो सेमी-ऑटोमॅटिकबद्दल. तिच्यात पाणी आपल्या ताब्यात असतं. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग फिक्या रंगाचे, मग गडद कपडे, आणि शेवटी फडकी नि पायपुसणी. आपल्या आया-आज्या बादलीत हेच करत. पाणी ओतून द्यायच्या आधी त्यातून मोरी घासून निघायची. नवी मशीन घ्यायची असेल तर स्टार लेबलवर विजेबरोबर पाण्याचा आकडाही वाचा. चालू मशीन चांगली असेल तर केवळ पर्यावरणासाठी ती मोडीत काढू नका.

पावडर, लिक्विड की वडी?

लिक्विडमध्ये बहुधा फॉस्फेट नसतं आणि ते थंड पाण्यात पटकन विरघळतं. पण त्यात मोठा भाग पाण्याचा असतो, तेच पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरून ट्रकनं आपल्या गावात येतं. रिफिलचं पाऊच हलकं, पण अनेक थरांच्या प्लास्टिकचं, ते भंगारवाला घेत नाही. पावडर कागदी खोक्यात मिळाली तर उत्तम. वडी हवी तिथेच लागते, हा तिचा मोठा गुण.

सरकारनं १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ सुरू केलं होतं, खूण मातीच्या घड्याची. साबण-डिटर्जंट त्यात होते, पण फार थोड्या उत्पादकांनी ते घेतलं. नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रावर आणि ‘नैसर्गिक’ या शब्दावर जाऊ नका, आतल्या घटकांची यादी वाचा.

रिठ्यानं सगळं धुता येतं का?

सगळं नाही, पण बरंच. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, तो फेस त्याचाच. आठ-दहा रिठे फोडून बिया काढायच्या, साली रात्रभर भिजवून सकाळी दहा मिनिटं उकळायच्या आणि गाळून घ्यायचं. लोकर, रेशीम, सुती साड्या आणि बाळाचे कपडे यांना याहून चांगलं काही नाही. तेलकट डाग, मेकॅनिकचे कपडे, मुलांचे मातीनं भरलेले मोजे यांना ते पुरत नाही. पांढऱ्या कपड्यांना हळूहळू पिवळट झाक येते. काढा दोन-तीन दिवसांत आंबतो, म्हणून थोडाच करा किंवा फ्रिजमध्ये ठेवा.

नैसर्गिक आहे म्हणून तो नदीत ओतायला हरकत नाही, असं मात्र समजू नका. सॅपोनिन माशांना घातक असतं. मासे गुंगवून पकडायला अशा झाडांचा रस पाण्यात घालण्याची जुनी रीत अनेक ठिकाणी होती.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालण्याचे व्हिडिओ येतात, ते करावं का?

नाही. दोन्ही एकमेकांना मारतात, फसफस तेवढी दिसते. सोडा धुताना घाला, व्हिनेगर हवंच तर शेवटच्या पाण्यात चमचाभर. आणि ब्लीचबरोबर व्हिनेगर कधीही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

फॅब्रिक कंडिशनर लागतं का?

मला तरी नाही. ते धाग्यांवर मेणचट थर चढवतं, टॉवेल पाणी टिपेनासे होतात, आणि ते सगळं रसायन शेवटच्या पाण्याबरोबर बाहेर जातं. पावडर कमी केली की कपडे आपोआप मऊ होतात.

कपड्यांतून प्लास्टिक निघतं म्हणतात, ते कसं?

पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक हे प्लास्टिकचेच धागे आहेत. धुताना त्यांचे बारीक तंतू तुटून पाण्यात जातात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१७ च्या अहवालात असा अंदाज आहे की सुरुवातीपासूनच सूक्ष्म रूपात समुद्रात पोहोचणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून जातं.

नवा कपडा पहिल्या काही धुण्यांत सर्वांत जास्त तंतू सोडतो. कपड्यांच्या मानानं पाणी खूप असलं की तंतूही जास्त सुटतात, म्हणून ‘डेलिकेट’चं नाजूक वाटणारं चक्र इथे फसवं आहे. मशीन पुरेशी भरा, कमी वेळाचं चक्र लावा, पाणी साधं ठेवा. फिल्टरच्या जाळीतला लगदा नळाखाली धुऊ नका, बोटानं काढून सुक्या कचऱ्यात टाका. घरात हे सांगायला मला दोन वर्षं लागली. जाळी धुऊन टाकणं हा हाताचा सवयीचा भाग झालेला असतो.

धुण्याचं पाणी झाडांना चालतं का?

पहिलं, साबणाचं पाणी नाही. त्यातला सोडियम मातीत साठतो, माती चिकट आणि घट्ट होते, कुंडीत तर फारच लवकर. ते पाणी पार्किंग धुवायला, संडासात टाकायला वापरा. शेवटच्या खळबळणीचं पाणी चालतं, पण एका झाडाला रोज नको, मधेमधे साधं पाणी द्यावं. ब्लीच वापरलं असेल तर अजिबात नको.

गावाकडच्या घरांत मोरीचं पाणी परसात सोडलेलं असे आणि तिथे अळू, केळ, कर्दळ लावलेली असे. भरपूर पाणी पिणारी ही झाडं, शिवाय जमीन मोठी आणि साबण मोजका. तळमजल्याला जागा असेल तर कर्दळीचा वाफा आजही छान चालतो. तुळशीला आणि कच्च्या खाण्याच्या पालेभाजीला हे पाणी घालू नका.

पावसाळ्यात काय करायचं? ड्रायर घ्यावा का?

कोकणात किंवा मुंबईत जुलैत चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, हे दुःख खरं आहे. तरी ड्रायर शेवटचा उपाय. एका फेरीला तो धुण्याच्या कितीतरी पट वीज खातो. आधी मशीनच्या पिळणीचा वेग वाढवा, काही मिनिटांच्या जादा पिळणीनं वाळण्याचे तास वाचतात. मग पंख्याखाली दोरी, कपड्यांमध्ये चार बोटं अंतर. जाड आणि पातळ कपडे एकाच दिवशी धुऊ नका. रंगीत कपडे उन्हात उलटे करून घाला. आणि झटकून, सुरकुत्या काढून वाळत घातलेला कपडा निम्म्या वेळात इस्त्री होतो.

कपडे रोज धुवायलाच हवेत?

अंतर्वस्त्रं, मोजे, घामाचे कपडे रोज. जीन्स, जॅकेट, दोन तास घातलेला सदरा खुंटीवर हवेशीर टांगा. अंगातून काढला की थेट बादलीत, ही सवय सोवळ्याच्या काळातली असेल, पण तेव्हा माणसाकडे दोन-चारच कपडे असत.

पैठणी ड्रायक्लीनला द्यावीच लागते ना?

दर वेळी नाही. ड्रायक्लीनला पर्क्लोरोइथिलीन नावाचं द्रव्य बऱ्याच ठिकाणी वापरतात, ते कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे. लग्नातून आल्यावर पैठणी सावलीत रात्रभर पसरा, घामाची जागा ओल्या फडक्यानं टिपा, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. डाग पडला तरच बाहेर द्या. आणल्यावर प्लास्टिकची पिशवी लगेच काढा आणि साडी हवेवर टाका.

वारीत किंवा सहलीला नदीवर कपडे धुतले तर?

नदीत नको. बादलीत पाणी काढून काठापासून दूर मातीवर धुवा आणि ते पाणी तिथेच जमिनीत मुरू द्या. मातीतले जंतू बरंच काम करतात. घाटाच्या पायऱ्यांवर घासलेली वडी मात्र थेट पाण्यात उतरते.

आमच्याकडे धुणं मावशी करतात. त्यांना कसं सांगू?

त्यांना बहुधा तुमच्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून आधी विचारा. आमच्या मावशींना मी पावडर कमी करायचं सुचवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ताई, तुमच्याकडची पावडर लई झोंबते, मी आधीच कमी घालते.’ चार-पाच घरांचं धुणं करणाऱ्या बाईचे हात रोज कित्येक तास सोड्याच्या पाण्यात असतात. बोटांच्या पेरांना भेगा पडतात, हिवाळ्यात त्यातून रक्त येतं. पावडरच्या डब्यात ठरलेल्या मापाचा चमचा ठेवा, चांगले रबरी हातमोजे आणून द्या आणि फाटले की बदला. ‘कपडे चकाचक हवेत’ हा धोशा तुम्हीच लावला असेल तर तो तुम्हीच मागे घ्या. त्यांच्यावर डाग राहिल्याचा ठपका येणार नाही एवढी खात्री त्यांना पटली, की पावडर कमी होते.